टीबीत पेशी मरते, पण कशी?

टीबीचा जंतू फुफ्फुसात शिरला की त्याला आधी गाठते ती मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी. ती त्याला गिळते खरी, पण पचवता येईलच असं नाही. जंतू आतच तग धरतो आणि पुष्कळदा पेशीच मरते. हे मरण अ‍ॅपॉप्टोसिस की नेक्रोसिस, यावर पुढचं बरंचसं ठरतं.

अ‍ॅपॉप्टोसिसमध्ये पेशी आवराआवर करून जाते. ती आकसते, डीएनएचे तुकडे होतात, पण बाहेरचं पटल शाबूत राहतं आणि तिच्या बारीक पुड्या होतात. शेजारची ताजी मॅक्रोफेज त्या जंतूसकट गिळते. या दुसऱ्या फेरीत जंतू मरण्याची शक्यता वाढते. शिवाय जंतूची प्रथिनं डेंड्रिटिक पेशींच्या हाती लागतात आणि त्या संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशींना शत्रूची ओळख पटवून देतात. दाह जवळपास नाहीच.

नेक्रोसिसमध्ये पटलच फाटतं. जिवंत जंतू बाहेर सांडतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी धावून येतात, दाह भडकतो. अशा पेशी साचत गेल्या की जंतूंभोवती पेशी जमून झालेल्या गाठीचा मध्य पनीरच्या चुऱ्यासारखा भुसभुशीत होतो. तो विरघळून श्वासनलिकेत फुटला की फुफ्फुसात पोकळी उरते आणि प्रत्येक खोकल्याबरोबर जंतू बाहेर पडतात.

जंतूला काय सोयीचं, हे उघड आहे. प्रयोगशाळेतला जहाल एच३७आरव्ही वाण मुख्यतः नेक्रोसिस घडवतो. त्याचाच सौम्य भाऊ एच३७आरए अ‍ॅपॉप्टोसिस. जंतूचं एनयूओजी हे जनुक अ‍ॅपॉप्टोसिस दाबतं, तर टीएनटी नावाचं विष पेशीतला एनएडी या ऊर्जेसाठी लागणाऱ्या रेणूचा साठा संपवून तिला नेक्रोसिसकडे ढकलतं. उलट दिशेचा प्रयत्न व्हीपीएम१००२ या लशीत आहे: बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत बीसीजीचं युरिएज जनुक काढून लिस्टेरिया या दुसऱ्या जंतूचं, पटलाला भोकं पाडणारं लिस्टेरिओलायसिन हे प्रथिन घातलं, अ‍ॅपॉप्टोसिस वाढावं म्हणून. तिचा परवाना पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आला.

मात्र 'अ‍ॅपॉप्टोसिस चांगलं, नेक्रोसिस वाईट' एवढ्यावर थांबू नये. झेब्राफिशमध्ये टीबीच्या जंतूचा चुलतभाऊ मायकोबॅक्टेरियम मरिनम सोडला, तर सुरुवातीच्या गाठीत मेलेल्या पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेजमधूनच संसर्ग पसरताना दिसला. टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाचंही तसंच: याच माशांमध्ये ते फार वाढलं तर मॅक्रोफेज नेक्रोसिसने मरतात, आणि कमी पडलं तरी जंतू आवरत नाहीत. म्हणून संधिवातासाठी इन्फ्लिक्सिमॅबसारखं टीएनएफ रोखणारं औषध देण्याआधी डॉक्टर सुप्त टीबीची तपासणी करून घेतात.