प्रीमियर पद्मिनीची देखभाल आणि सुटे भाग (ठाणे–नवी मुंबई परिसर)

पद्मिनी ही कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात बनलेली चार दारांची मोटार. मूळ आराखडा इटलीच्या फियाट ११०० चा. १९६४ पासून ती ‘डिलाइट’ म्हणून, पुढे ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने विकली गेली. २००० च्या सुमारास उत्पादन थांबले. इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ घन सेंमी, बोअर ६८ मिमी आणि स्ट्रोक ७५ मिमी. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि बहुतेक गाड्यांत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. ठाणे, कळवा, वाशी, बेलापूर, पनवेल या पट्ट्यात आजही काही घरांत जपलेल्या पद्मिनी आहेत. इथे या गाडीला धावण्यापेक्षा उभे राहणे जास्त बाधते.

खाडीची हवा आणि पत्रा. ठाण्याच्या खाडीवरून येणारी खारी, दमट हवा आणि जून ते सप्टेंबर पडणारा अडीच हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस पत्र्याला कायम ओला ठेवतो. गंज आधी आतून लागतो. दारांचा तळ, दाराखालचा पोकळ पाट, मडगार्डची आतली घडी, डिकीतला स्टेपनीचा खड्डा आणि पायाखालच्या मॅटखालचा पत्रा या जागा पहिल्या जातात. दारांच्या तळाला आणि पाटाला पाणी निघण्यासाठी भोके असतात. ती चिखलाने किंवा नव्या रंगाने बुजली की काचेच्या फटीतून उतरलेले पाणी दारातच साचते. म्हणून मे महिन्यात तारेने ही भोके मोकळी करावीत, मॅट काढून फरशी वाळवावी आणि पोकळ भागांत मेणयुक्त गंजरोधक फवारावा. जुन्या गंजावर थेट डांबरी अंडरकोट मारण्याची पद्धत घातक आहे, कारण थराखाली ओल अडकते आणि वरून गाडी चकचकीत दिसत असताना पत्रा आत चाळणी होतो. गंजलेला भाग चकाकी येईपर्यंत कापून तिथे ०.९ मिमीचा (२० गेज) सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला, पत्रा वेल्ड करणे हीच खरी दुरुस्ती. कळंबोलीच्या पोलाद बाजारात हा पत्रा मिळतो. भोकावर लांबी (पुटी) भरून रंग मारलेली गाडी एखाद्या पावसाळ्यानंतर पुन्हा डेंटरकडे येते.

स्टिल्ट पार्किंगमध्ये प्लास्टिकचे कव्हर घालू नये, आतून घाम धरते. कापडी अस्तराचे, हवा खेळणारे कव्हर चालते.

उभी गाडी. आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करणे हा सर्वत्र दिसणारा आणि नुकसान करणारा प्रघात आहे. एवढ्या वेळात इंजिन पुरते तापत नाही. ज्वलनातले पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये राहते, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसू लागते. पंधरवड्यातून एकदा २० ते २५ किमी सलग चालवावी. पहाटेचा पाम बीच रस्ता किंवा ठाणे–बेलापूर रस्ता त्यासाठी सोयीचा. ऑइल २०डब्ल्यू-५० दर्जाचे, जुन्या टॅपेटना (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागांना) लागणारे झिंक असलेले घ्यावे आणि गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा बदलावे. पुढच्या सस्पेन्शनमध्ये किंगपिन (ज्यावर पुढचे चाक वळते ती खीळ) आहेत. त्यांच्या निपलना (ग्रीस भरण्याच्या तोट्यांना) दर १,५०० ते २,००० किमीला, आणि पावसाळा संपताच एकदा, जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. ग्रीस आत जात नसेल तर निपल बदलावा. वरून पुसून सोडून दिलेला किंगपिन वर्षभरात खेळू लागतो.

तापणे. घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत तापणाऱ्या पद्मिनीचा दोष बहुधा रेडिएटरच्या नळ्यांत साचलेल्या क्षारांचा असतो. पंखा पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे गाडी थांबलेली असताना तो सर्वांत हळू फिरतो आणि अर्धवट बुजलेला रेडिएटर तेवढ्या हवेत पाणी गार करू शकत नाही. अनेक मेकॅनिक यावर थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकतात. त्याने दुखणे झाकले जाते, पण इंजिन थंड चालते, पेट्रोल जास्त पिते आणि ऑइलचा गाळ होतो. योग्य क्रम असा: रेडिएटर काढून रॉडिंग (नळ्यांतून सळई घालून सफाई) करून घ्यावा, उपयोग झाला नाही तर पितळी-तांब्याचा नवा कोअर (नळ्यांचा गाभा) बसवावा, थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात बुडवून उघडतो का ते पाहावे आणि टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड पाणी व कूलंट भरावे. गरम गाडी बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नसेल, तर इंजिनाला चिकटून असलेल्या पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ झाली असल्याची शक्यता मोठी. पंपावर ओले फडके ठेवण्याचा टॅक्सीवाल्यांचा उपाय तात्पुरता खरा आहे. कायमचा उपाय म्हणजे नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे आणि मध्ये उष्णतारोधक पत्रा देणे.

पेट्रोल, पॉइंट, ब्रेक. पेट्रोल पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल ओलावा शोषते, जुन्या रबराच्या नळ्या आणि गाडीतल्या इंधन पंपाचा पडदा फुगवते आणि टाकीतला जुना चिकटा व गंज सुटा करून कार्बोरेटरकडे पाठवते. नळ्या व पडदा व्हायटॉन रबराचा असावा आणि सुरुवातीच्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदलावा. गाडी महिन्यापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) रिकामे करावे. जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रात) तार कधीही घालू नये, हवेच्या दाबाने साफ करावा. इतके करूनही आयडल स्थिर राहत नसेल, तर थ्रॉटलचा दांडा आपल्या बुशीत खेळत असतो आणि तिथून हवा ओढली जाते. लेथवर पितळी बुश करून घेतली की तक्रार संपते.

पॉइंटची (डिस्ट्रिब्यूटरमधल्या उघडझाप करणाऱ्या टोकांची) फट साधारण ०.४ मिमी ठेवतात. सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम १-३-४-२. पॉइंट निळसर जळून इंजिन तापल्यावर मिस होऊ लागले तर कॉइलआधी कंडेन्सर बदलून पाहावा. आज मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरचा दर्जा असमान असल्याने, चालवून पारखलेला एक कंडेन्सर डॅशबोर्डच्या खणात असावा.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. व्हील सिलिंडरच्या भिंतीला खड्डे पडले असतील तर नुसता रबराचा किट टाकून गळती थांबत नाही. आतून स्लीव्ह (धातूची नळी) घालावी लागते. ब्रेकमधली हवा काढताना मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे असा क्रम धरावा आणि ब्रेक ऑइलची वरची टाकी एकदाही रिकामी होऊ देऊ नये.

सुटे भाग. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे पद्मिनीचे भाग अनेक वर्षे मुबलक होते. टॅक्सींना २० वर्षांची मर्यादा लागली आणि २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून सेवेतून बाद झाली. तेव्हापासून दारे, बोनेट, काचा, हँडल यांचा ओघ आटत चालला आहे. कुर्ला–कलिना सीएसटी रस्त्यावरची भंगार दुकाने, ऑपेरा हाउसजवळचा स्पेअर पार्ट बाजार आणि शुक्रवारचा चोर बाजार या अजूनही पहिल्या जागा. टॅक्सीतून निघालेले दार, काच, गिअरबॉक्स घ्यायला हरकत नाही. तिचे सिलिंडर हेड मात्र व्हॉल्व्ह सीट (झडप टेकते ती कडा) तपासल्याशिवाय घेऊ नये, कारण वर्षानुवर्षे सीएनजीच्या कोरड्या ज्वलनाने ती खचलेली असू शकते.

दुकानात भाग मोटारीच्या नावाने मागितला की ‘आता येत नाही’ असे उत्तर मिळते. मापाने मागितला तर तोच भाग बहुधा समोरच्या खणात असतो. बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो. ६२०३ म्हणजे १७ × ४० × १२ मिमी, मग ते पंख्याचे असो की डायनामोचे. ऑइल सील आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी या तीन आकड्यांनी मिळते. जुने सील काढताना वाकते, म्हणून माप शाफ्ट आणि खोबणीवरून घ्यावे. फियाटचे बोल्ट मेट्रिक आहेत, अँबॅसडरचे इंची. दोन्ही एकाच डब्यात ठेवणाऱ्याकडून बोल्ट घेताना हाताने दोन आटे फिरवून पाहावे, पान्याने रेटू नये.

जे मिळतच नाही ते वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे, महापे, तुर्भे या औद्योगिक पट्ट्यात बनवून घेता येते. स्टिअरिंगवरच्या गिअरच्या सांध्यातली झिजलेली बुश हे नेहमीचे उदाहरण. ती झिजली की पहिला गिअर आणि रिव्हर्स अडकतो आणि दोष उगाच गिअरबॉक्सच्या माथी येतो. नमुना नेऊन नायलॉनची किंवा गनमेटलची बुश कातून घ्यावी. रबराचे भाग ओतून घेताना जात सांगणे आवश्यक: इंजिन ऑइल लागणाऱ्या जागी नायट्राइल, ब्रेक ऑइलच्या जागी आणि दाराच्या बिडिंगला ईपीडीएम. अदलाबदल झाली तर नायट्राइल ब्रेक ऑइलमध्ये फुगते आणि ईपीडीएम इंजिन ऑइलमध्ये. साच्याचा खर्च एका गाडीला परवडत नाही, म्हणून आठ-दहा मालकांनी मिळून ऑर्डर देणे इष्ट. जुन्या दुकानांत कधी कोऱ्या खोक्यातला कंपनीचा माल सापडतो. त्यातला धातू सोने समजून घ्यावा, रबर मात्र टाकून द्यावे. खोक्यात पडून पडून ते कडक झालेले असते.

नोंदणी. ठाण्यातील गाड्या एमएच ०४, नवी मुंबईतील एमएच ४३ या मालिकेत येतात. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनाला व्हिंटेज दर्जा मिळतो; नव्या नोंदणीस २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. १९७४ ची पहिली पद्मिनी त्यामुळे २०२४ मध्येच या दर्जाला पोहोचली, डिलाइट आधीच. डिझेल किंवा दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवलेली गाडी हा दर्जा गमावू शकते. भंगारातून त्याच जातीचे इंजिन घेतले तरी विक्रीची पावती आणि मूळ आरसीची प्रत हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण इंजिनावरचा कोरलेला क्रमांक नोंदीत बदलून घेताना हीच कागदपत्रे मागितली जातात.