प्लांत, झाक

(१७ जानेवारी १९२९ – २७ फेब्रुवारी १९८६). कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातला व्यावसायिक आइस हॉकीपटू, गोलकीपर. फ्रेंच उच्चार झाक प्लांत, इंग्रजी बोलणारे जॅक प्लाँट म्हणायचे, टोपणनाव जेक द स्नेक. नॅशनल हॉकी लीगमध्ये म्हणजे एनएचएलमध्ये ८३७ सामने, ८२ शटआउट (समोरच्याला एकही गोल न देता संपवलेला सामना), ६ स्टॅन्ली कप (लीगचं विजेतेपद) आणि गोलकीपरसाठी असलेली वेझिना ट्रॉफी ७ वेळा. जिंकलेल्या सामन्यांचा आकडा जुन्या तक्त्यांत ४३४ दिसतो, लीगच्या नंतरच्या नोंदीत ४३७, इथे नंतरचाच धरलाय.

जन्म मॉन-कार्मेलजवळच्या एका शेतावरचा, ११ भावंडांत हा थोरला. पुढे घर शाविनिगनला गेलं, वडील तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात. लहानपणापासून दमा, फार वेळ स्केटिंग केलं की धाप लागायची, म्हणून गोलमध्ये उभा राहिला असं बहुतेक चरित्रकार सांगतात. आईने विणकाम शिकवलं होतं ते आयुष्यभर सुटलं नाही, स्वतःच्या टोप्या, मोजे, आतले बनियन स्वतः विणायचा आणि लोकरीची टोपी घालूनच खेळायचा. त्याच्या माँट्रियल कॅनेडियन्स संघाचा तेव्हाचा कोच डिक अर्विन याला ते अजिबात चाललं नाही, टोपी गेली.

एनएचएलमधला पहिला सामना नोव्हेंबर १९५२ मधला. १९५३ च्या उपांत्य फेरीत कॅनेडियन्स शिकागोविरुद्ध ३-२ ने मागे असताना जेरी मॅक्नीलच्या जागी याला उतरवलं, त्याने थेट शटआउट दिला आणि त्या वर्षी कप माँट्रियललाच आला. मग १९५६ ते १९६० सलग ५ कप, सलग ५ वेझिना. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, त्या काळी वेझिना मतदानाने मिळत नव्हती, मोसमात सगळ्यात कमी गोल खाल्लेल्या संघाच्या गोलकीपरला जायची. आणि या संघात पुढे मॉरिस रिशार आणि झाँ बेलिव्हो, बचावात डग हार्वी! म्हणजे त्या ५ ट्रॉफ्यांत थोडा वाटा बाकीच्यांचाही आहेच. १९६२ च्या हार्ट ट्रॉफीचं तसं नाही, ती लीगमधल्या सगळ्यात मोलाच्या खेळाडूची आणि मतांवर ठरणारी, त्यानंतर गोलकीपरला ती मिळायला १९९७ उजाडलं (डॉमिनिक हाशेक). १९६२ च्या आदल्या मोसमात प्लांतचा गुडघा दुखावलेला, मधे काही काळ खालच्या लीगमध्ये पाठवलेलं, सगळे म्हणत होते संपला, आणि हा परत येऊन सगळे ७० सामने खेळला.

खेळण्याची पद्धत तेव्हाच्या मानाने विचित्र. गोलकीपरने जागा सोडायची नाही हा शिरस्ता असताना हा नेटच्या मागे जाऊन पक (चेंडूऐवजी असलेली रबराची चकती) अडवायचा आणि आपल्या बचावपटूला देऊन परत यायचा. आज सगळेच करतात, तेव्हा स्टँडमधल्या लोकांचा जीव वरखाली व्हायचा. काही रिंकांवर (बर्फाच्या मैदानांवर) गोलची आडवी दांडी योग्य उंचीवर नाही असंही तो म्हणायचा, लोक हसले, मोजल्यावर याचंच बरोबर निघालं असं सांगतात.

मास्क. प्लांतला सर्रास ‘गोलकीपर मास्कचा जनक’ म्हणतात ते शब्दशः खरं नाही. कॅनडात क्वीन्स विद्यापीठाच्या मुलींच्या संघात एलिझाबेथ ग्रॅहमने १९२७ मध्ये तलवारबाजीची जाळी घालून गोल सांभाळल्याचा उल्लेख सगळ्यात जुना धरला जातो. एनएचएलपुरतं बोलायचं तर १९३० मध्ये माँट्रियल मरून्सचा क्लिंट बेनेडिक्ट, हॉवी मोरेंझच्या शॉटने नाक फुटल्यावर चामड्याचा मास्क घालून उतरला, पण नाकाच्या पट्टीमुळे पायाजवळचा पक दिसेना म्हणून मोजक्या सामन्यांत तो बाजूला पडला. १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये जपानच्या तेइजी होन्माच्या तोंडावरही जाळी होती. म्हणजे ‘पहिला’ हा मान प्लांतचा नाही. पण एनएचएलमध्ये बेनेडिक्टनंतर जवळपास ३० वर्षं कुणी नियमित मास्क घातला नाही आणि प्लांतनंतर काही वर्षांत तो सर्रास झाला, त्यामुळे ‘रूढ करणारा’ म्हणणाऱ्या अभ्यासकांचं म्हणणं जास्त पटतं.

स्वतः प्लांत १९५६ च्या सुमारास, सायनसच्या ऑपरेशननंतर, सरावात मास्क घालू लागला होता. त्याआधी सरावातच आपल्याच संघातल्यांच्या शॉटने दोन्ही गालांची हाडं मोडून झालेली. पक म्हणजे साधारण १७० ग्रॅमची कडक रबराची चकती, ती उघड्या तोंडावर, म्हणजे बघा. पण सामन्यात घालायची परवानगी कोच टो ब्लेक देत नव्हता, नजर अडते आणि गोलकीपर ढिला पडतो असं त्याचं मत. दरम्यान फायबरग्लास विकणाऱ्या कंपनीतल्या बिल बर्चमोरने, १९५८ मध्ये प्लांतच्या कपाळावर पक बसलेला पाहून, चेहऱ्याच्या मापाचा मास्क करून देतो असं कळवलं. माँट्रियल जनरल हॉस्पिटलमध्ये चेहऱ्याला व्हॅसलीन फासलं, नाकात श्वासासाठी नळ्या घातल्या आणि वरून प्लास्टर ओतून साचा घेतला. त्या साच्यावर फायबरग्लासचे थर देऊन केलेलं ते प्रकरण सुमारे ४०० ग्रॅमचं, जाडी ३ मिमीच्या आसपास, आणि दिसायला, खरं सांगायचं तर, भुतासारखं.

१ नोव्हेंबर १९५९, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. पहिल्या काही मिनिटांतच रेंजर्सच्या अँडी बाथगेटचा बॅकहँड थेट नाकावर. टाके किती यावर एकमत नाही, ७ हा आकडा जास्त ठिकाणी सापडतो. शॉट मुद्दाम होता का? आधी प्लांतने त्याला पाडलं होतं त्याची परतफेड केली असं बाथगेटनेच पुढे सांगितलंय, पण ते बऱ्याच वर्षांनी, त्यामुळे थोडं जपून घ्यावं. टाके घालून झाल्यावर प्लांत म्हणाला मास्कशिवाय बर्फावर येणार नाही. तेव्हा संघाकडे राखीव गोलकीपर नसायचाच, यजमान संघाने स्टँडमध्ये बसवलेला एखादा हौशी माणूस घ्यावा लागायचा, ब्लेककडे दुसरा मार्ग उरला नाही. माँट्रियल ३-१ ने जिंकलं. जखम भरली की मास्क काढायचा असं ठरलं होतं म्हणतात, पण संघ हरेचना (१८ सामने न हरण्याची ती मालिका, त्यातले सुरुवातीचे मास्कआधीचे दिसतात) आणि विषय लांबत गेला. ८ मार्च १९६० ला ब्लेकच्या आग्रहाखातर डेट्रॉइटविरुद्ध उघड्या तोंडाने खेळला, ३-० ने हरला, मग कायमचा मास्क. घाबरलास का असं विचारणाऱ्यांना तो उलट विचारायचा की पॅराशूटशिवाय विमानातून उडी मारली तर त्याला शूर म्हणायचं का. एनएचएलमध्ये मास्कशिवाय खेळलेला शेवटचा गोलकीपर अँडी ब्राउन, १९७४.

१९६३ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सकडे बदली झाली (बदल्यात आलेल्यांत गोलकीपर गम्प वर्सली) आणि १९६५ मध्ये निवृत्ती. त्याच डिसेंबरात माँट्रियलच्या ज्युनियर संघातर्फे सोव्हिएत संघाविरुद्ध एक सामना खेळला, २-१ ने जिंकले. १९६८ मध्ये सेंट लुईस ब्लूजसाठी परतला आणि ग्लेन हॉलसोबत सातवी वेझिना विभागून घेतली. १९७० च्या फायनलमध्ये बॉस्टनच्या फ्रेड स्टॅनफिल्डचा शॉट वळून मास्कवर आदळला आणि प्लांत बेशुद्ध, मास्क नसता तर मेलो असतो असं नंतर त्यानेच सांगितलं. पुढच्या मोसमात टोरोंटोकडून, वयाच्या बेचाळिशीत, सरासरी सामन्यामागे १.८८ गोल. क्वेबेकच्या मागोग गावात मास्क बनवणारी फायब्रोस्पोर्ट कंपनीही याच सुमारास काढली. मग थोडं बॉस्टन, एक मोसम क्वेबेक नॉर्डिक्सचा कोच आणि १९७४-७५ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशनच्या एडमंटन ऑइलर्सकडून ३१ सामने, तिथे थांबला.

१९७८ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेम. उत्तरायुष्य स्वित्झर्लंडमध्ये, अधूनमधून उत्तर अमेरिकेत जाऊन गोलकीपरना शिकवणं. जिनिव्हात पोटाच्या कॅन्सरने मृत्यू, दफन सिएर गावात. कॅनेडियन्सनी त्याचा १ नंबर १९९५ मध्ये निवृत्त केला.