अकरा वाजता घरी असणारी माणसं

मागच्या पावसाळ्यात बडोद्यातल्या मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत जास्वंदीची फुलं चोरीला जायला लागली. झाड तळमजल्यावर, आत्याच्या खिडकीखालचं. उजाडल्यावर बघावं तर एकही फूल शिल्लक नाही. वॉचमनने शपथ घेतली, कमिटीने नोटीस लावली, कोणीतरी कॅमेऱ्याचं कोटेशनही मागवलं. आत्या काही बोलली नाही. ज्या कालनिर्णयावर ती दुधाचा हिशेब मांडते, त्याच्यावरच तिने दोन महिने बारीक फुल्या मारल्या आणि एक दिवस झोपाळ्यावर बसल्या बसल्या सांगून टाकलं, "चोर बँकेत आहे."

कारण रविवारी फुलं जागच्या जागी असायची. आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारीही. बाकीच्या शनिवारी गायब. इमारतीत बँकेतली माणसं दोनच. एक अलकापुरीच्या शाखेत, नऊपर्यंत गॅलरीत पेपर वाचणारे. दुसरे भरूचला रोज आगगाडीने अपडाऊन करणारे, साडेपाचला स्कूटर काढणारे. पासवाल्यांच्या डब्यात गणपतीचा फोटो लावून हार घालतात हे आत्याला पक्कं ठाऊक, कारण आतोबांची निम्मी नोकरी अपडाऊनमध्येच गेली.

तिने पुढे काय केलं ते नंतर सांगते. आधी हे, की आत्याने जे केलं त्याच्या जोरावर इंग्रजीत सव्वाशे वर्षं कादंबऱ्या लिहिल्या जातायत. आमच्या भिशीत त्यांची चळत फिरत असते. या प्रकाराला हल्ली कोझी म्हणतात. मराठीत 'ऊबदार खून' म्हणून बघा, समोरचा माणूस तुमच्याकडे कसा बघतो ते. खून असतो, पण तो पडद्याआड होतो. रक्त कमी, चहा जास्त. शोध लावणारी व्यक्ती पोलिसात नसते, तिला त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि ती जे करते त्याला एरवी आपण भोचकपणा म्हणतो.

गुप्तहेरकथेची सुरुवात सगळे एडगर अ‍ॅलन पोपासून करतात. 1841, पॅरिसमधली एक बंद खोली, आणि सगळ्यांपेक्षा हुशार एक पुरुष. पण आपल्या प्रकाराची खरी आजी वेगळी आहे. अ‍ॅना कॅथरिन ग्रीन या अमेरिकन बाईंची पहिली रहस्यकादंबरी 1878 साली आली आणि धडाक्याने खपली. त्यातला ग्राइस नावाचा पोलीस पुढे अनेक पुस्तकांत राहिला. 1897 मध्ये मात्र त्यांनी ग्राइससमोर अमेलिया बटरवर्थ नावाची एक प्रौढ, अविवाहित, खात्यापित्या घरची बाई उभी केली. पुस्तकाच्या नावाचाच अर्थ 'शेजारचं ते प्रकरण'. मध्यरात्रीच्या सुमारास खिडकीतून अमेलियाबाईंना दिसतं, की शेजारच्या बंद घरात एक पुरुष आणि एक बाई शिरतायत. दुसऱ्या दिवशी तिथे एका बाईचं प्रेत सापडतं, आडव्या पडलेल्या कपाटाखाली. गोष्ट अमेलियाबाई स्वतःच सांगतात, आणि आपण अजिबात चौकस नाही हे पुन्हापुन्हा बजावतात. सगळा विनोद तिथेच आहे. पडद्याच्या फटीतून बघणारी बाई "मला कुणाच्या भानगडीत पडायची सवय नाही" म्हणत सुरुवात करते, तेव्हा वाचक हसतो आणि तिच्यावर विश्वासही ठेवतो, कारण अशा बाईच्या नजरेतून काही सुटत नाही हे त्याला घरच्या अनुभवाने माहीत असतं.

अगाथा क्रिस्तीची खेड्यातली म्हातारी मिस मार्पल यानंतर तीस वर्षांनी आली. डिसेंबर 1927 मध्ये मासिकातल्या एका गोष्टीत पहिल्यांदा, 1930 मध्ये पहिल्या कादंबरीत. तिचं मूळ क्रिस्तीनेच आत्मचरित्रात दिलंय: 1926 च्या एका कादंबरीत डॉक्टरची एक बहीण होती, घराबाहेर न पडता गावभरच्या बातम्या गोळा करणारी, ती लिहिताना बाईंना फार मजा आली होती. मार्पलची रीत ठशांची आणि राखेची नाही. तिला एखादा संशयित बघून गावातला कोणीतरी आठवतो. हा अगदी त्या मासेवाल्याच्या पोरासारखा वागतोय, म्हणजे लपवाछपवी चालू आहे. आपल्याकडच्या बायका स्थळ बघताना नेमकं हेच करतात.

त्याच काळात रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्रीबुवांनी रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले (1929), लंडनमध्ये लेखकांचा डिटेक्शन क्लब निघाला, कोडं वाचकाशी प्रामाणिक असलं पाहिजे वगैरे ठरलं. त्यात फार शिरत नाही. मला जास्त रस आहे तो 1962 च्या मार्पल कादंबरीत. म्हातारी मार्पल तिथे गावाच्या कडेला झालेली नवी वसाहत बघायला जाते. एकसारखी घरं, नवे पडदे, नवी माणसं. आणि तिच्या लक्षात येतं, की घरं नवी असली तरी माणसं तीच आहेत. खेड्यातली रहस्यकथा उपनगरात पाऊल टाकते ती इथे.

अमेरिकेत ते पाऊल आधीच पडलं होतं. 1944 च्या डिसेंबरमध्ये रेमंड चँडलरने निबंध लिहून या इंग्रजी चहा-बिस्किटी खुनांची यथेच्छ टर उडवली. खून हा गल्लीबोळातल्या खऱ्या माणसांचा विषय आहे, असा त्याचा एकूण सूर. आणि त्याच वर्षी क्रेग राइस या बाईंची एक कादंबरी आली. त्यात आई रहस्यकथा लिहिते, दिवसभर टाइपरायटरवर असते, आणि शेजारच्या खुनाचा तपास तिची तीन मुलं करतात. आईचं नाव व्हावं, पुस्तकं खपावीत आणि जमल्यास चौकशीला आलेल्या देखण्या पोलिसाशी तिचं लग्न व्हावं, एवढी त्यांची योजना. जानेवारी 1946 मध्ये या राइसबाई 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकल्या. चँडलरचं म्हणणं गाजलं, वर्गात शिकवलं गेलं. पण पुढे ढिगाने जे लिहिलं गेलं ते राइसबाईंच्या वळणाचं, असं माझं मत.

ढिगाने, कारण महायुद्धानंतर उपनगरंच ढिगाने उगवली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर 1947 मध्ये लेव्हिटटाउन या वसाहतीचं काम सुरू झालं. पाच वर्षांच्या आत तिथे साच्यातून काढल्यासारखी 17,000 हून अधिक घरं उभी राहिली. सकाळी पुरुष आगगाडीने शहरात, मुलं शाळेत. उरलेल्या रस्त्यावर दिवसभर काय चालतं हे फक्त बायकांना माहीत. त्यातून आली सुझन आयझॅक्स यांची 1978 ची कादंबरी. तीही लाँग आयलंडवरच घडते. हिरड्यांचा एक डॉक्टर मारला जातो, आणि इतिहासातली पीएचडी अर्धवट सोडून दोन मुलांत अडकलेली जूडिथ सिंगर तपासाला लागते. तिचा नवरा वैतागतो, तो खून झाला म्हणून नाही, ही घराबाहेर पडली म्हणून. हसवता हसवता हे पुस्तक बरंच काही बोलून जातं. दहा-अकरा वर्षांनी जिल चर्चिल यांची जेन जेफ्री आली (1989), शिकागोच्या उपनगरातली तीन मुलांची विधवा आई. शेजारणीकडे सफाईला आलेल्या बाईचा खून होतो, आणि जेनचा तपास मुलांना शाळेत सोडणं-आणणं सांभाळून चालतो. त्याच वर्षी अमेरिकेत या प्रकाराचं स्वतंत्र संमेलन भरायला लागलं आणि अगाथा नावाचे पुरस्कार सुरू झाले. इंग्लंडमध्ये 1992 साली एम. सी. बीटन यांनी अगाथा रेझिन आणली. जनसंपर्काचा धंदा सोडून गावाकडे राहायला आलेली बाई स्पर्धेत विकतचा पदार्थ स्वतःचा म्हणून ठेवते, आणि तो खाऊन परीक्षक मरतो. आमच्या हळदीकुंकवाच्या पाककृती स्पर्धेत विकतच्या बाकरवड्या सर्रास येतात. कोणी दगावलेलं नाही.

आता आपल्याकडे वळू. मराठीत रहस्यकथा कमी होती असं कोणी म्हणू नये. बाबूराव अर्नाळकर (1906–1996), खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांनी पिढ्या जागवल्या. गुरुनाथ नाईकांचाही आकडा हजारावर. सुहास शिरवळकरांनी अमर विश्वास वकिलापासून दारा बुलंदपर्यंत नायक दिले. पण या मंडळींना अकरा वाजता कुकर लावायचा नसतो. मोटारी, पिस्तुलं, मुंबईची रात्र. शेजारीण या जगात असलीच तर किंकाळी मारायला.

हौशी शोधक सापडतो तो मुलांच्या पुस्तकांत: भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला किडकिडीत पोरगा, 'ट्टॉक्' करणारा. भागवतांचा जन्म 1910 चा, इंदूरचा. म्हणजे आपल्या बृहन्महाराष्ट्राने निदान एवढा वाटा उचलला.

आणि विनोद? तो तर आमच्या गावचा. चि. वि. जोशी (1892–1963) बडोद्यात पालीचे प्राध्यापक होते, पुढे संस्थानचे राजदफ्तरदार झाले. चिमणराव, काऊ, मोरू, मैना, गुंड्याभाऊ: मध्यमवर्गी घरातला प्रत्येक फजितीचा प्रकार त्यांनी टिपून ठेवला. या माणसाची तयारी बघा. दिवसभर सरकारी कागदपत्रांचे रुमाल हाताखाली. जातककथा मराठीत आणल्या, त्यामुळे महोसधाची गोष्ट नक्कीच बोटांवर: एकाच मुलावर दोन बायका हक्क सांगतात, महोसध रेघ ओढून दोघींना ते मूल ओढायला लावतो, आणि जी सोडते ती आई. याहून जुना हौशी तपास कुठला? वर घरातल्या घरात हसवायची हातोटी. विनोद होता, तपास होता, माणूस एकच होता. तरीही आपल्याकडे विनोदी गृहस्थी आणि रहस्यकथा एका भिंतीला भिंत लावून राहिल्या, त्यांचं येणंजाणं फारसं झालं नाही, याची मला रुखरुख आहे.

प्रकरणांची वानवा म्हणाल तर तीही नव्हती. 9 नोव्हेंबर 1874 च्या सकाळी बडोद्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअर फिरून आला आणि रोजच्यासारखं पपनसाचं सरबत त्याने तोंडाला लावलं. एकदोन घोट घेतले, बरं वाटेना, उरलेलं फेकून दिलं. पेल्याच्या तळाशी काळपट साका दिसला. तपासणीत त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. आळ थेट महाराज मल्हारराव गायकवाडांवर. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं, आणि 1875 मध्ये ते तीन-तीन असं फुटलं. तिघा इंग्रजांना गुन्हा पटला, तिघा हिंदी सदस्यांना नाही. त्या तिघांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे होते आणि सर दिनकरराव राजवाडेही. मल्हाररावांना शेवटी गैरकारभाराच्या कारणावरून गादीवरून काढलं, आणि कवळाण्याहून आणलेला मुलगा सयाजीराव झाला. साक्षी बहुतेक नोकरचाकरांच्या: सरबत कोणी केलं, पेला कुठे ठेवला, खोलीत कोण येऊन गेलं. पुढचा सगळा इतिहास राजकारणाचा, पण मूळ प्रश्न स्वयंपाकघरातला.

आणि मोहल्ला? दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या वाड्यांत गुपित टिकणं अवघडच होतं. 1960 नंतर गुजरात फर्टिलायझर आली, कोयलीची रिफायनरी आली, गाव चारी बाजूंना पसरलं, आणि वाड्यातली मराठी घरं हळूहळू कारेलीबाग, मांजलपूरकडे सोसायट्यांत गेली. सहकाराची तर इथे जुनीच मुळं, विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांची अन्योन्य सहकारी मंडळी 1889 ची. कोझीला लागतं ते सगळं सोसायटीत आहे: बंद दारं, पातळ भिंती, मेंटेनन्सवरून दोन तट, वॉचमनची वही. वाड्यात सगळ्यांना सगळं माहीत असे, म्हणून तपास करण्यासारखं काही उरत नसे. सोसायटीत अर्धं माहीत असतं. रहस्याला हे अर्धंच हवं असतं.

2020 मध्ये रिचर्ड ओस्मन यांनी निवृत्तांच्या वसाहतीतले चार म्हातारे दर गुरुवारी जमून जुने खून उकलतात अशी कादंबरी लिहिली आणि हा प्रकार पुन्हा तुफान खपायला लागला. मी ती आत्याला वाचून दाखवली. ती म्हणाली, "बरी आहे. पण चौघं कशाला लागतात?"

तर जास्वंद. मार्पलबाई गुन्हेगाराला पोलिसांच्या हवाली करतात आणि विणकामाला लागतात. आत्याला त्याच जिन्यावर राहायचंय. तिने कमिटीला नाव सांगितलं नाही. सोमवारी पहाटे पाचला उठून स्वतःच फुलं तोडली, केळीच्या पानात बांधली आणि दोरा लावून तिसऱ्या मजल्यावरच्या कडीला अडकवून आली. मंगळवारी पुन्हा. बुधवारी झाडाला कोणी हात लावलेला नव्हता. कडीवरची पुडी तेवढी गेली होती.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या दाराच्या कडीला एक कागदी पिशवी लटकत होती. आत भरूचची खारी शिंग, अर्धा किलो. चिठ्ठी नाही. आत्याने दोन दाणे तोंडात टाकले, कालनिर्णयाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "उद्या दुसरा शनिवार. झोपू दे त्याला."