खुडूक कोंबडीची जागा रात्रीच का बदलावी?

खुडूक झालेली (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी एखाद्या अडचणीच्या जागी, म्हणजे जिथे बाकीच्या कोंबड्या अंडी घालायला येतात त्या पेटीत किंवा लाकडांच्या ढिगामागे ठाण मांडून बसली, की बहुतेक जण भरदिवसा तिच्याखालची अंडी काढतात, सुरक्षित कोपऱ्यात मऊ गवतावर मांडतात आणि कोंबडीला उचलून त्यांवर बसवतात. थोड्याच वेळात ती उठते, आपल्या जुन्या, आता रिकाम्या झालेल्या जागी परतते आणि तिथेच पिसे फुलवून बसते. मग ती मठ्ठ आहे, तिला पिलांची ओढ नाही, असे ठरवले जाते. हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे आणि त्यामागे एक गैरसमज आहे: कोंबडी आपली अंडी ओळखते आणि ती जातील तिकडे तीही जाते. प्रत्यक्षात कोंबडी लाकडी अंड्यांवर, गोल्फच्या चेंडूंवर किंवा बदकाच्या अंड्यांवरही तितक्याच निष्ठेने बसते. तिला पक्की ठाऊक असते ती जागा. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी कुरव पक्ष्यांच्या घरट्यातील अंडी थोड्याच अंतरावर सरकवून पाहिली होती. अंडी डोळ्यांसमोर असूनही पक्षी अनेकदा रिकाम्या घरट्यातच जाऊन बसत.

खुडूकपणा म्हणजे ताप नव्हे. पोटाला हात लावल्यास ऊब जाणवते हे खरे, परंतु तिचे कारण निराळे आहे. खुडूक होताना पोटावरची पिसे गळतात, तिथली कातडी सैल व जाड होते आणि तिच्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे पसरते. या उघड्या भागाला उबवणपट्टा म्हणता येईल. कोंबडीच्या शरीराचे तापमान एरवीही 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. उबवणपट्ट्यामुळे ती उष्णता पिसांच्या अडथळ्याविना थेट अंड्याच्या कवचाला मिळते. खुडूक कोंबडीला ‘ताप उतरावा’ म्हणून थंड पाण्यात बुडवण्याची पद्धत म्हणूनच निरर्थक आहे, आणि क्रूरही.

मात्र उबवणपट्ट्याचे खरे महत्त्व उष्णता देण्यात संपत नाही, आणि मला या विषयातील सर्वांत विलक्षण भाग हाच वाटतो. ही कातडी स्पर्शाला अतिशय संवेदनशील असते. अंड्याचा गोल, टणक स्पर्श तिथल्या चेतातंतूंमार्फत मेंदूतील हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचतो. तिथल्या पेशी व्हॅसोॲक्टिव्ह इंटेस्टायनल पेप्टाइड नावाचे रसायन स्रवतात. ते जवळच्या पिट्युटरी ग्रंथीला प्रोलॅक्टिन हे संप्रेरक सोडायला लावते. प्रोलॅक्टिन वाढले की कोंबडी अधिक वेळ बसते, अधिक बसली की स्पर्श अधिक काळ मिळतो आणि त्यामुळे प्रोलॅक्टिन चढेच राहते. सस्तन प्राण्यांमध्ये हायपोथॅलॅमस मुख्यतः डोपामाइन या रसायनाच्या साहाय्याने प्रोलॅक्टिनला आवर घालतो. पक्ष्यांमध्ये तोच त्याला पुढे रेटतो. गुंतागुंत अशी की पक्ष्यांच्या मेंदूत डोपामाइन दोन्ही कामे करते: हायपोथॅलॅमसमधील एका प्रकारच्या ग्राहींवर (पेशींवरील संदेश पकडणाऱ्या रेणूंवर) बसून ते या पेप्टाइडचा स्राव वाढवते, तर पिट्युटरीतील दुसऱ्या प्रकारच्या ग्राहींवर बसून प्रोलॅक्टिनचा स्राव रोखते.

या साखळीची एकेक कडी प्रयोगांनी तपासली गेली आहे. ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1935 मध्ये कोंबड्यांना प्रोलॅक्टिन टोचून त्यांच्यात खुडूकपणा आणता येतो हे दाखवले. टर्की माद्यांच्या उबवणपट्ट्याच्या चेता तोडल्या, तेव्हा त्या अंड्यांवर नीट बसेनाशा झाल्या. दुसऱ्या प्रयोगांत टर्की माद्यांना व्हॅसोॲक्टिव्ह इंटेस्टायनल पेप्टाइडविरुद्ध लस देऊन शरीरात प्रतिपिंडे तयार करवली, तेव्हा त्या खुडूकच झाल्या नाहीत. वाढलेले प्रोलॅक्टिन अंडाशयाला चालना देणाऱ्या संप्रेरकांना खाली आणते. म्हणून खुडूक कोंबडीचे अंडी घालणे थांबते आणि तुरा आक्रसतो. तिची भूकही मंदावते. खाणे जवळ ठेवले तरी ती थोडेच खाते आणि तिचे वजन घटते.

जागा बदलण्याचा प्रश्न आता नीट मांडता येतो. कोंबडीला घरट्यावरून हटवले की प्रोलॅक्टिन झपाट्याने उतरू लागते. काही दिवस घरटे मिळालेच नाही, तर ती पुन्हा अंडी घालण्याच्या तयारीला लागते. म्हणजे नवी जागा तिने स्वीकारेपर्यंत पोटाखालचा स्पर्श तुटू न देणे एवढेच साधायचे असते, आणि त्यासाठी रात्र सोयीची ठरते. कोंबडीच्या डोळ्याच्या पडद्यावर दिवसाच्या उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशींचे प्राबल्य असते, त्यामुळे तिला अंधारात फारच कमी दिसते आणि ती जागची हलत नाही. पूर्ण अंधार पडल्यावर पोटाखाली दोन्ही हात घालून, पंख अंगाशी धरून तिला सावकाश उचलावे आणि आधीच नकली अंडी मांडून ठेवलेल्या घरट्यावर टेकवावे. अंडी पोटाला लागली की ती बहुधा अंग हलवून त्यांवर नीट बसते. जुन्या घरट्यातले गवत बरोबर नेले तर उत्तम. ती पेटीत बसली असेल तर पेटीच उचलून नेणे त्याहून उत्तम.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी लागते. उजेडात तिला जागा परकी दिसते, म्हणून नवे घरटे खोलगट, अंधारे आणि तीन बाजूंनी बंद असावे, आणि पहिले दोन-तीन दिवस ते समोरूनही जाळीने बंद ठेवावे. दाणा-पाणी हाताशी ठेवावे आणि दिवसातून एकदा तिला समोरच्या छोट्या आवारात सोडावे. ती खाते, पाणी पिते, मोठी विष्ठा टाकते, धुळीत लोळते. त्यानंतर स्वतःहून नव्या घरट्याकडे वळली तर तिने ती जागा लक्षात ठेवली आहे. जाळीशी येरझाऱ्या घालत राहिली आणि अंड्यांकडे फिरकलीच नाही, तर तिला जुन्या जागी परत न्यावे. खरी अंडी अजून तिच्याखाली ठेवलेली नसल्यामुळे नुकसान काहीच होत नाही.

ती स्थिरावल्यावर सगळी फलित अंडी एकाच रात्री तिच्याखाली घालावीत. अंड्यातील गर्भाची वाढ साधारण 37.5 अंशांजवळ नीट होते आणि थंड जागी ठेवलेल्या अंड्यात ती थांबून राहते. म्हणूनच वेगवेगळ्या दिवशी घातलेली अंडी एकत्र उबवल्यास पिले सुमारे 21 दिवसांनी जवळपास एकाच वेळी बाहेर पडतात. अंड्यांवर पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने मागाहून घातलेले अंडे ओळखून काढता येते.

मेघगर्जनेने अंडी नासतात म्हणून घरट्यात लोखंडी खिळा ठेवणे, टोकदार अंड्यातून नर निघतो असे मानून अंडी निवडणे, यांना कोणताही आधार नाही. पक्ष्यांमध्ये पिलाचे लिंग मादीच्या बीजातील झेड किंवा डब्ल्यू गुणसूत्रावर ठरते आणि कवच त्याच्या बऱ्याच नंतर चढते. कोणत्याही कोंबडीला दोन दिवसांत खुडूक करण्याचे जे हमखास उपाय व्हिडिओंतून सांगितले जातात, त्यांवरही विश्वास ठेवू नये. लेगहॉर्नसारख्या जातींमधून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून खुडूकपणा जवळजवळ काढून टाकलेला आहे, तर सिल्की कोंबड्या वारंवार खुडूक होतात. हा फरक आनुवंशिक आहे. नव्या जागेत बसवायची ती कोंबडी आधीच दोन-तीन दिवस, रात्रीसुद्धा, घरटे न सोडता बसलेली असावी. आणि उबवणीचे शेवटचे तीन दिवस सुरू झाले असतील तर जागा बदलूच नये, कारण तोवर पिले कवच फोडण्यासाठी अंड्यात वळलेली असतात आणि आतून येणाऱ्या त्यांच्या चिवचिवाटाला कोंबडी प्रतिसाद देऊ लागलेली असते.