तुटण्यापूर्वी चामडे किती ताणते?

धारावीतल्या चामड्याच्या दुकानांत पट्टा घेणारे ग्राहक तो दोन्ही हातांनी ओढून पाहतात, पण त्यातून चामड्याचा लवचिकपणा कळतो. ते कुठवर ताणून तुटेल, हे कळायला यंत्र लागते. त्यासाठी मध्ये अरुंद आणि टोकांना रुंद असा तुकडा कापतात, कारण सरळ पट्टी घेतली तर ती बहुधा यंत्राच्या जबड्यापाशीच तुटते आणि मोजमाप वाया जाते. जबडे ५० मिलिमीटर अंतरावर ठेवून मिनिटाला १०० मिलिमीटर वेगाने ओढतात. तुटताना अंतर ७५ मिलिमीटर भरले, तर लांबीतली वाढ ५० टक्के.

हिशेब सोपा असला तरी चामडे सोपे नाही. ते कोलॅजेन या प्रथिनाच्या, एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचे बनलेले असते. सुरुवातीला हे तंतू ओढीच्या दिशेने नुसते वळतात, त्यामुळे थोड्या बळानेही चामडे बरेच लांबते. ते सरळ झाले की खरा भार त्यांच्यावर येतो आणि पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला अधिक जोर लागतो. तंतूंची मांडणी कातड्यावर सर्वत्र सारखी नसते. पोटाकडच्या भागात ती सैल असल्याने तिथले चामडे पाठीकडच्यापेक्षा जास्त ताणते, आणि पाठीच्या कण्याला समांतर कापलेला तुकडा सहसा आडव्या तुकड्यापेक्षा मजबूत, पण कमी ताणणारा निघतो. म्हणून चाचणीचे तुकडे ठरलेल्या जागेवरून आणि दोन्ही दिशांनी घेतात. दिशा न सांगता एकच टक्केवारी छापणाऱ्या माहितीपत्रकावर माझा तरी विश्वास बसत नाही.

हवेचाही परिणाम होतो. मुंबईच्या पावसाळ्यात चामडे ओलावा शोषते, तंतू एकमेकांवरून सहज सरकतात आणि तोच तुकडा उन्हाळ्यापेक्षा जास्त ताणतो. त्यामुळे चाचणीपूर्वी तुकडे नियंत्रित खोलीत, उदाहरणार्थ २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत, ठेवावे लागतात.

बूट बनवणाऱ्याला मात्र वेगळ्याच आकड्याची गरज असते. साच्यावर चढवताना चामडे एकाच दिशेने नव्हे, चहूबाजूंनी ताणले जाते, आणि आतले तंतू शाबूत असतानाच वरच्या गुळगुळीत थराला तडा जाऊ शकतो. त्यासाठी गोल तुकडा कडेने घट्ट धरून खालून पोलादी गोळी वर दाबतात आणि पहिला तडा दिसताच चामडे किती फुगले ते नोंदवतात. बुटाच्या वरच्या भागासाठी ही उंची निदान ७ मिलिमीटर असावी, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते.