वेग कागदावर उतरवताना: मोटारशर्यतींच्या वृत्तपत्रीय छायाचित्रणाची पार्श्वभूमी

मोटारशर्यतींच्या छायाचित्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या एखाद्या वृत्तपत्रीय छायाचित्रकाराचे स्मरण करताना, ती छायाचित्रे कोणत्या अटींवर निघाली हेही लक्षात घ्यायला हवे. अशा छायाचित्रांची सुरुवातीची उदाहरणे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतली. फ्रान्समधील ‘ग्रां प्री’ या मोठ्या मोटारशर्यतीत एका हौशी तरुणाने टिपलेल्या, १९१२ च्या म्हणून प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रात मोटारीचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे आणि प्रेक्षक मागे कलले आहेत. कॅमेऱ्यात प्रकाश आत सोडणाऱ्या शटरची फट काचेच्या निगेटिव्हवरून सरकत असताना मोटार आणि कॅमेरा दोन्ही हलत होते, म्हणून असे झाले. पुढे हाच दोष वेगाची खूण मानला गेला.

वृत्तपत्राच्या कचेरीत मात्र अशा खुणेला सहज जागा नव्हती. ताशी २०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या हजाराव्या भागात साधारण साडेपाच सेंटिमीटर पुढे जाते, तर साठाव्या भागात जवळजवळ एक मीटर. शटर जलद ठेवले तर गाडीचा क्रमांक वाचता येतो आणि चालक ओळखू येतो, पण ती गाडी रस्त्यावर उभी केल्यासारखी दिसते. शटर संथ ठेवून कॅमेरा गाडीसोबत फिरवला, म्हणजेच पॅनिंग केले, तर गाडी बऱ्यापैकी स्पष्ट राहते आणि मागचे सारे रेघांमध्ये विरघळते. ‘स्पष्ट छायाचित्र’ या शब्दांचा घोळ इथेच होता. छायाचित्रकाराला गाडीपुरती स्पष्टता पुरेशी वाटे, संपादकीय टेबलाला ती चौकटभर हवी असे. टेबलाचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, कारण वृत्तपत्राच्या खरखरीत कागदावर जाड ठिपक्यांच्या हाफटोन छपाईत पॅनिंगच्या नाजूक रेघांचा सहज राखाडी चिखल होई. तरीही, ज्या छायाचित्रात वेगच नाही त्याला शर्यतीचे छायाचित्र म्हणणे कठीण आहे, आणि टेबलाने नाकारलेल्या चौकटींतच या छायाचित्रकारांचे खरे कौशल्य होते असे वाटते.

त्यात ३६ चौकटींचा रोल आणि छपाईची वेळ. शर्यत संपेपर्यंत थांबणे अनेकदा शक्य नसे. सुरुवातीच्या फेऱ्या टिपून फिल्म शहराकडे रवाना करावी लागे, म्हणून कोणत्या वळणावर उभे राहायचे हे आधीच ठरलेले असे.

११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मान्स येथील मोटारशर्यतीत झालेल्या अपघातात ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तरीही छायाचित्रकार त्यानंतर बरीच वर्षे पेंढ्याच्या गठ्ठ्यांआडून, चालकाचे डोळे दिसतील इतक्या अंतरावरून काम करत राहिले. लोखंडी कठडे आणि उंच जाळ्या आल्यावर ते मागे सरकले व लांब पल्ल्याच्या लेन्स अपरिहार्य झाल्या. सुरक्षेचा हा निर्णय योग्यच होता, मात्र जवळून रुंद कोनाच्या लेन्सने टिपलेली, चालक, यंत्र आणि गर्दी एकत्र दाखवणारी चौकट त्याने दुर्मीळ केली. डिजिटल कॅमेऱ्याने रोलची मर्यादा आणि फिल्म पोहोचवण्याची धावपळ संपवली; आता सेकंदाला दहाहून अधिक चौकटी टिपता येतात आणि शर्यत चालू असतानाच त्या कचेरीत पोहोचतात.

जुन्या अंकांत अशा छायाचित्रांखाली पुष्कळदा टिपणाऱ्याचे नावच नसे. त्यामुळे कोणते छायाचित्र कोणाचे हे ठरवायला आज छापील पानापेक्षा निगेटिव्हच्या पाकिटांवर लिहिलेल्या तारखा आणि आद्याक्षरे अधिक उपयोगी पडतात, आणि न छापलेल्या पॅनिंगच्या चौकटी सापडल्या तर त्याही त्याच पाकिटांत सापडतात.