युरेनियमच्या वाटा आणि कॅम्पर व्हॅन

अमेरिकेच्या युटा राज्यात कॅन्यनलँड्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात व्हाइट रिम नावाचा सुमारे १०० मैलांचा, म्हणजे १६० किलोमीटरचा कच्चा रस्ता. पठाराच्या कड्यावरून खाली उतरायचं, पांढऱ्या वालुकाश्माच्या सज्जावरून वळसा घालायचा आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा वर यायचं. सज्जाच्याही खाली, खोल दरीत ग्रीन आणि कोलोरॅडो या नद्या वाहतात. आज इथे मुक्काम करायचा तर आधी परवाना लागतो, आणि वसंतातल्या तारखा बघता बघता संपतात. वाटेत प्यायला पाणी नाही, शेकोटीला बंदी, कुत्रा नेता येत नाही, लो रेंज गिअरची फोर-व्हील ड्राइव्ह हवीच. एवढे नियम असलेला हा रस्ता पर्यटकांसाठी मात्र कुणी केलेला नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने तो काढला, अण्वस्त्रांसाठी युरेनियम शोधता यावं म्हणून.

युटा, ॲरिझोना, नेवाडा आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातली कॅम्पर व्हॅनची, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाडीची, भटकंती जाहिरातीत बघितली की वाटतं, मोकळं आकाश आणि मोकळी वाट अनादिकाळापासून प्रवाशाची वाट बघत होती. प्रत्यक्षात यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच कुणाच्या तरी कामासाठी झाली आणि ते काम संपल्यावर प्रवाशांच्या हाती आली.

व्हाइट रिमवर उतरणारा शेफर घाट घ्या. मूळची ती आदिवासींची पायवाट. पुढे शेफर कुटुंबाने तिच्यावरून गुरं खाली हिवाळी कुरणात न्यायला सुरुवात केली आणि वाट थोडी रुंद झाली. युरेनियमचे ट्रक आले तेव्हा कडा फोडून तिची आजची वळणं तयार झाली. युटाच्या दक्षिणेला होल-इन-द-रॉक नावाचा असाच एक रस्ता आहे. १८७९ साली सुमारे अडीचशे मॉर्मन पंथाचे वसाहतकरी, ८३ घोडागाड्या आणि हजारभर गुरं घेऊन निघाले. सहा आठवड्यांत पोहोचू असा अंदाज होता, लागले सहा महिने. कोलोरॅडोच्या कड्यातली एक फट सुरुंगाने रुंद करून २६ जानेवारी १८८० रोजी त्यांनी मागून दोर धरून एकेक गाडी नदीपर्यंत उतरवायला सुरुवात केली. आज त्या वाटेच्या पहिल्या टप्प्यावर व्हॅनवाले गाडी कडेला लावतात आणि अरुंद घळी बघायला जातात.

पण या प्रदेशाचा नकाशा खऱ्या अर्थाने बदलला तो युरेनियमने. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाने खनिजाला हमीभाव जाहीर केला आणि नव्या, चांगल्या प्रतीच्या साठ्याला १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. शिवाय आग्नेय युटात जवळपास हजार मैल रस्ते काढून दिले. मग कुणीही उठावं, जुनी जीप घ्यावी, गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारं यंत्र, घ्यावा आणि निघावं असा काळ आला. चार्ली स्टीनकडे तर काउंटर घेण्याइतकेही पैसे नव्हते. कर्जबाजारी भूशास्त्रज्ञ, बायको-मुलांसह झोपडीवजा घरात राहणारा. जुलै १९५२ मध्ये लिस्बन व्हॅलीत भोक पाडताना जवळजवळ २०० फुटांवर त्याचं ड्रिल तुटलं. आता सगळं संपलं असं समजून तो परत निघाला, जीपमध्ये आतून निघालेल्या काळसर दगडाचे तुकडे तेवढे होते. वाटेत सिस्को या गावी पेट्रोल पंपावर एकाच्या काउंटरसमोर ते तुकडे धरले आणि काटा पार टोकाला गेला. ती 'मी व्हिदा' (स्पॅनिशमध्ये 'माझं आयुष्य') नावाची खाण. स्टीन कोट्यधीश झाला, मोॲब गावावरच्या टेकडीवर त्याने बंगला बांधला. १९५० मध्ये जेमतेम तेराशे वस्ती असलेलं मोॲब दहा वर्षांत साडेचार हजारांपलीकडे गेलं.

गंमत अशी, की ज्या व्हाइट रिमसाठी एवढा खटाटोप केला तिथे युरेनियम नावापुरतंच निघालं. रस्ता तेवढा राहिला.

या तेजीची किंमत मात्र गमतीची नाही, आणि भटकंतीच्या लेखांत ती सहसा येत नाही. १९४४ ते १९८६ या काळात नावाहो या आदिवासी लोकांच्या भूमीतून सुमारे ३ कोटी टन खनिज काढलं गेलं. हवा खेळती नसलेल्या खाणींत नावाहो मजूर राबले आणि पुढे फुप्फुसांच्या कर्करोगाने गेले. सोडून दिलेल्या पाचशेहून अधिक खाणी तिथे अजून आहेत. भरपाईचा कायदा झाला तो थेट १९९० मध्ये. मोॲबच्या वेशीवर कोलोरॅडो नदीच्या काठी युरेनियम खनिजाच्या गिरणीतून उरलेल्या किरणोत्सारी गाळाचा १ कोटी ६० लाख टनांचा ढीग साचला होता. तो रेल्वेने तीसेक मैलांवर हलवायचं काम २००९ मध्ये सुरू झालं.

खाणवाल्यांनी केलेल्या याच वाटांनी राष्ट्रीय उद्यानही आणलं. १९६१ मध्ये अंतर्गत खात्याचे (सरकारी जमिनी आणि उद्यानं सांभाळणाऱ्या) मंत्री स्टुअर्ट युडॉल विमानातून या भागावरून चालले होते. सोबत धरणं बांधणाऱ्या खात्याचे प्रमुख फ्लॉइड डॉमिनी होते आणि ते धरणाची जागा दाखवत होते. युडॉल यांना तिथे उद्यान दिसलं. शेजारच्या आर्चेस या संरक्षित क्षेत्राचे अधीक्षक बेट्स विल्सन वर्षानुवर्षं हाच आग्रह धरून बसले होते. त्यांनी मंत्रिमहोदयांना आणि लवाजम्याला जीपमध्ये घालून दऱ्याखोऱ्यांत फिरवलं. विल्सन यांच्या हातचं विस्तवावरचं जेवण प्रसिद्ध होतं, आणि धोरण ठरवण्यात अशा जेवणांचा वाटा असतोच. १२ सप्टेंबर १९६४ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी उद्यानाच्या कायद्यावर सही केली. पुढे नद्यांच्या संगमाजवळ डांबरी रस्ता न्यायचा बेत होता, तो बारगळला. म्हणून कॅन्यनलँड्सचा बराच भाग आजही कच्च्या वाटांवर आहे.

उद्यानांच्या बाहेर, जिथे फुकट मुक्काम करता येतो त्या जमिनीची कथाही अशीच उरल्यासुरल्याची. एकोणिसाव्या शतकात सरकारने पश्चिमेकडच्या जमिनी शेतकऱ्यांना, रेल्वे कंपन्यांना, राज्यांना वाटल्या. जिथे पाणी नाही, काही पिकत नाही, ती जमीन कुणी घेतली नाही. १९३४ मध्ये तिच्यावरच्या चराईला कायदा लागू झाला आणि १९४६ मध्ये ती नव्या भूव्यवस्थापन विभागाकडे, म्हणजे बीएलएमकडे आली. आज या विभागाकडे सुमारे २४.५ कोटी एकर आहेत, अख्ख्या महाराष्ट्राच्या तिप्पट. १९७६ च्या कायद्याने ठरलं की ही जमीन आता विकून संपवायची नाही, तर राखायची, आणि चराई-खाणींबरोबर करमणूकही तिचा एक रीतसर उपयोग आहे. बहुतेक ठिकाणी एका जागी १४ दिवस मुक्काम करता येतो, मग जागा बदलायची. हिवाळ्यात दक्षिणेकडे येणारी म्हातारी मंडळी इतकी वाढली, की १९८३ पासून ॲरिझोनात क्वार्टझसाइटजवळ वगैरे हंगामभर राहण्याच्या जागा वेगळ्या आखून दिल्या, नाममात्र शुल्क घेऊन.

आणि गाडी? अमेरिकेत मोटारीतून तंबू टाकत हिंडणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच होतं. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात १९०७ मध्ये मोटारींना बंदी झाली आणि १९१३ मध्ये ती उठली. यलोस्टोनने १९१५ मध्ये दार उघडलं. पण कॅम्पर व्हॅनचं जे रूप डोळ्यांसमोर येतं ते जर्मनीतून आलं. डच व्यापारी बेन पॉन याने १९४७ मध्ये वहीत एका चौकोनी मालवाहू गाडीचं चित्र काढलं, १९५० मध्ये फोक्सवॅगनने ती बाजारात आणली. युद्धाने मोडलेल्या देशात भाजी, पाव, अवजारं वाहायला. १९५१ मध्ये वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बसवता-काढता येईल असा कपाट आणि पलंगाचा संच केला. २५ अश्वशक्तीचं इंजिन, तेही हवेने थंड होणारं. त्यामुळे रेडिएटरचं पाणी उकळायचं भय नव्हतं, पण चढावर मागून येणाऱ्यांचा अंत बघितला जाई. वाळवंटातल्या कच्च्या वाटांसाठी योग्य अशी फोर-व्हील ड्राइव्हची व्हॅन फोक्सवॅगनने १९८० च्या दशकाच्या मध्यात काढली, सिंक्रो नावाने. ती ऑस्ट्रियात ग्राझला तयार होई. आज तिचे दिवाने तिच्यावर नव्या गाडीइतका खर्च करतात.

आता जी उंच छताची, आत ताठ उभं राहता येणारी व्हॅन दिसते ती युरोपातल्या कुरिअरवाल्यांची. मर्सिडीझची स्प्रिंटर २००१ मध्ये अमेरिकेत आली, फोर्ड आणि रॅमच्या तशाच गाड्या दशकभराने. २०११ मध्ये फॉस्टर हंटिंग्टन या छायाचित्रकाराने 'व्हॅनलाइफ' हा हॅशटॅग चालू केला आणि मालाची गाडी हौसेची झाली. कॅलिफोर्नियातली आपली मराठी मंडळीही सुट्टीत अशी व्हॅन भाड्याने घेऊन निघतात. मात्र भाड्याच्या बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी घालायला मनाई असते, हे कलम निघण्याआधी वाचलेलं बरं. कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत रेसट्रॅक नावाच्या कोरड्या तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर मातीच्या आडव्या लाटांनी गाडीचा खिळा न् खिळा खिळखिळा होतो आणि धारदार खडी टायर फाडते. तिथे अडकल्यावर टोइंगचं बिल आपल्यालाच भरावं लागतं.

या सगळ्यात भांडण कुठे आहे? तर मुळात रस्ता कशाला म्हणायचं यातच. १८६६ च्या खाणकायद्यात एक ओळ होती: राखीव नसलेल्या सरकारी जमिनीवर रस्ता करण्याचा हक्क दिला आहे. ना अर्ज, ना नोंद. १९७६ च्या कायद्याने ही तरतूद रद्द केली, पण तोवर लागलेले हक्क कायम ठेवले. युटा राज्य आणि तिथल्या काउंटींनी, म्हणजे जिल्ह्यांनी, त्याच आधारावर १२,००० हून अधिक वाटांवर न्यायालयात दावा सांगितला आहे. संरक्षणवाद्यांचं म्हणणं, यातल्या कित्येक म्हणजे नुसती चाकोरी, एखाद्या ट्रकने एकदा उमटवलेली. वाळवंटात हा वाद फारच चिवट होतो, कारण तिथली माती विसरत नाही. शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्मजीवांनी विणलेला काळपट, खडबडीत थर मातीवर असतो. तोच तिला धरून ठेवतो. चाकाखाली तो चुरडला की भरून यायला दशकं लागतात, कधी शतकंही. सत्तर वर्षांपूर्वी बुलडोझरने ओढलेली रेघ आजही साफ दिसते.

युटाच्या कायद्याप्रमाणे १९७६ पूर्वी सलग दहा वर्षं लोकांची ये-जा होती हे सिद्ध करावं लागतं. तेव्हा त्या वाटांनी गुरं हाकलेले, ट्रक चालवलेले साक्षीदार आज वृद्ध आहेत. म्हणून खटला उभा राहायच्या आधीच त्यांच्या जबान्या नोंदवून ठेवल्या गेल्या. दुसरीकडे सप्टेंबर २०२३ मध्ये बीएलएमने मोॲबजवळच्या लॅबिरिंथ कॅन्यन आणि जेमिनी ब्रिजेस भागातल्या ३१७ मैल वाटा मोटारींना बंद केल्या, आठशेहून अधिक मैल खुल्या ठेवल्या. त्याविरुद्ध राज्य सरकार आणि गाडीवाल्यांच्या संघटना भांडायला उभ्या राहिल्या. त्यामुळे त्या भागात जुना छापील नकाशा किंवा मोबाइलमधली कुणाची तरी जुनी वाट भरवशाची नाही. निघायच्या आदल्या आठवड्यात मोॲबच्या बीएलएम कार्यालयाचा चालू नकाशा बघावा लागतो.